साउंड प्रोसेसरचं इनपुट, आउटपुट आणि रूटिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडपात, सभागृहात, नाट्यगृहात, लग्नाच्या हॉलमध्ये साउंड लावणारी मंडळी आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. बोलणं मुख्यतः दोन-तीन इनपुट आणि सहा आउटपुटच्या स्पीकर प्रोसेसरबद्दल आहे. डीबीएक्सचा ड्राइव्हरॅक पीए२ हा २ इनपुट, ६ आउटपुटचा. बेहरिंगरचा डीसीएक्स२४९६ हा ३ इनपुट, ६ आउटपुटचा. बटणांची आणि मेनूची नावं कंपनीगणिक बदलतात. सिग्नलची वाट, म्हणजे रूटिंग, मात्र सगळीकडे तीच असते.

१. मिक्सर आहे, अँप आहे, मग मध्ये प्रोसेसर कशाला?

काय काय मिसळायचं ते मिक्सर ठरवतो. कोणत्या बॉक्सला त्यातलं काय, किती आणि कधी द्यायचं ते प्रोसेसर ठरवतो. १८ इंची बेसला गायकाच्या आवाजातला 'स' द्यायची गरज नसते आणि हॉर्नच्या ड्रायव्हरला ढोलाचा ठोका देणं म्हणजे त्याचा जीव घेणं. अँपच्या आधीच आवाजाची ही वाटणी झाली की प्रत्येक अँप आपापल्या वाट्याचंच काम करतो. वाटणीबरोबर प्रत्येक आउटपुटला वेगळा ईक्यू (सूर कमी-जास्त करणारा), डिले (आवाज मुद्दाम उशिरा सोडणारा), पोलॅरिटी (सिग्नल सरळ की उलटा) आणि लिमिटर (ठरावीक लेव्हलच्या वर जाऊ न देणारा) मिळतो. क्रम नेहमी असा: मिक्सर, प्रोसेसर, अँप, बॉक्स.

२. सहा आउटपुट आहेत. माझ्याकडे दोन टॉप (मिड-हायचे बॉक्स) आणि दोन बेस आहेत. कोणतं आउटपुट कुठे लावू?

मशीन हातात घेण्याआधी कागद घ्या. डावीकडे इनपुट, उजवीकडे बॉक्स, मध्ये रेघा. हा कागद आमच्या दृष्टीने मशीनइतकाच महत्त्वाचा आहे, कारण आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ फिल्टरमध्ये नसतं. कोणतं आउटपुट कुठल्या अँपला आणि कुठल्या बॉक्सला जातंय, हेच कुणी लिहिलेलं नसतं.

टॉपच्या आतच पॅसिव्ह क्रॉसओव्हर (सुरांची वाटणी करणारा फिल्टर) असेल, म्हणजे टॉपला अँपचा एकच चॅनल लागत असेल, तर चार आउटपुट पुरतात: १ डावा बेस, २ डावा टॉप, ३ उजवा बेस, ४ उजवा टॉप. ५ आणि ६ म्यूट. टॉपला मिड आणि हायसाठी वेगवेगळे अँप लागत असतील, म्हणजे टॉप बाय-अँप असेल, तर सहाही आउटपुट लागतात: १ डावा बेस, २ डावा मिड, ३ डावा हाय आणि ४, ५, ६ त्याच क्रमाने उजवे.

हा क्रम एकदा ठरला की बदलू नका. एका गावच्या जत्रेत संध्याकाळच्या अंधुक उजेडात रॅकच्या मागे दोन काळ्या कॅनन (एक्सएलआर) केबलींची अदलाबदल झाली. बेसचं आउटपुट हायच्या अँपला गेलं. पहिल्याच ठेक्यावर हॉर्नमधून कागद फडफडावा तसा आवाज आला, मग काहीच येईना, आणि जळक्या वॉर्निशचा वास सुटला. ड्रायव्हर उघडला तेव्हा पातळ डायफ्राम कडेने चिरलेला होता आणि कॉइलची तार केसासारखी सुटून बाहेर आली होती. तेव्हापासून आमच्या प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना रंगीत टेप असते: बेसला लाल, मिडला पिवळी, हायला पांढरी. प्रोसेसरच्या मागच्या सॉकेटवर आणि अँपच्या इनपुटवरही त्याच रंगाचा ठिपका. अंधारात बॅटरी मारली की चूक लगेच दिसते.

३. नवीन सेटअप लावताना सुरुवात कुठून करू?

अँप बंद ठेवा. प्रोसेसरची सगळी आउटपुट म्यूट करा. मग रूटिंग, मग क्रॉसओव्हर (प्रश्न ७), मग लिमिटर (प्रश्न ९), आणि ईक्यू सगळ्यात शेवटी. ईक्यूने सुरुवात करणारे फार भेटतात. पण वाट चुकलेली असताना ईक्यू फिरवत बसलं की आवाज बिघडतच जातो आणि कारण सापडत नाही.

अँप चालू करायच्या वेळी त्यांचे नॉब शून्यावर असू द्या. मिक्सरवरून हळू आवाजात पिंक नॉइज (सगळे सूर असलेला चाचणीचा 'श्श्श' आवाज) सोडा, एकच आउटपुट अनम्यूट करा आणि त्याच अँपचा नॉब थोडा उघडा. बॉक्सजवळ जाऊन कान लावा. बेसमधून गडगड, मिडमधून 'हॉऽऽ' आणि हायमधून 'स्स्स' यायला हवं. ज्या बाजूचा यायला हवा त्याच बाजूचा येतोय ना तेही बघा. सहाही असे एकेक तपासायला दहा मिनिटं लागतात. ही दहा मिनिटं कुणी उशीर झाला म्हणून वाचवू नये.

चालू करताना अँप सर्वांत शेवटी, बंद करताना सर्वांत आधी. नाहीतर प्रोसेसर चालू-बंद होतानाचा धक्का थेट स्पीकरला बसतो.

४. मिक्सरपासून प्रोसेसरपर्यंत कोणती केबल चांगली?

बॅलन्स्ड एक्सएलआर, म्हणजे आपली कॅनन. पिन १ शील्ड, पिन २ हॉट, पिन ३ कोल्ड. मिक्सरचं आउटपुट जाड जॅकचं असेल तर तीन कड्यांचा जॅक वापरा, दोन कड्यांचा नको. जुन्या काही यंत्रांत पिन ३ हॉट असते. तसं असेल तर त्या बाजूची पोलॅरिटी उलटते, त्यावर प्रश्न ८.

५. लॅपटॉप थेट प्रोसेसरला लावला तर गाण्यातून गायकाचा आवाजच गायब होतो. मशीन बिघडलंय का?

मशीन ठीक आहे, केबल चुकीची आहे. लॅपटॉपच्या किंवा मोबाइलच्या हेडफोन जॅकमध्ये एका कडीवर डावा आणि दुसऱ्या कडीवर उजवा सिग्नल असतो. तीच केबल एका कॅननमध्ये उतरवली की डावा पिन २ वर जातो आणि उजवा पिन ३ वर. बॅलन्स्ड इनपुट या दोघांची वजाबाकी करतं. गायकाचा आवाज बहुतेक गाण्यांत मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखा असतो. त्यामुळे वजाबाकीत तोच उडतो आणि कडेची वाद्यं तेवढी उरतात.

डावा-उजवा वेगळा करणारी केबल घ्या आणि दोन्ही इनपुटांना एकेक द्या. डीआय बॉक्समधून (साधा सिग्नल बॅलन्स्ड करणारी पेटी) आलात तर आणखी चांगलं, घरघरही कमी होते. शिवाय अशा घरगुती उपकरणांची लेव्हल उणे १० डीबीव्हीच्या आसपास असते आणि मिक्सरची +४ डीबीयूच्या (दोन्ही सिग्नलच्या व्होल्टेजची मापं). दोघांत जवळजवळ १२ डीबीचा फरक पडतो. लॅपटॉपचा आवाज 'बारीक' वाटतो तो यामुळेच. प्रोसेसरचा इनपुट गेन वाढवून भागवू नका. त्यापेक्षा लॅपटॉप मिक्सरच्या चॅनलला लावा आणि प्रोसेसरचं इनपुट मिक्सरसाठीच राहू द्या.

६. बेस स्टीरिओ ठेवू की मोनो? मोनो करायचा तर कसा?

मंडपात आणि उघड्या मैदानावर आम्ही बेस मोनो ठेवतो. खालच्या सुरांची दिशा कानाला फारशी कळत नाही, आणि गाण्यात बेस एकाच बाजूला असला तर निम्मे बॉक्स रिकामे बसून राहतात. बेसच्या आउटपुटचा सोर्स 'ए' किंवा 'बी' न ठेवता दोन्हींची बेरीज निवडा. मेनूत बहुधा 'ए+बी' किंवा 'सम' असं दिसतं.

इथे एक गोम आहे. दोन्ही इनपुटांत सारखा सिग्नल असेल तर बेरजेत तो ६ डीबीने वाढतो. काही यंत्रं बेरीज करतानाच तेवढं कमी करतात, काही करत नाहीत. म्हणून बेरीज निवडल्यावर बेसच्या आउटपुटचं मीटर आधीशी ताडून बघा. वाढलं असेल तर त्या आउटपुटचा गेन ६ डीबी खाली घ्या.

तिसरं इनपुट असेल तर आणखी चांगला मार्ग आहे. मिक्सरच्या एका ऑक्समधून (हवे तेच चॅनल वेगळे बाहेर काढणारं आउटपुट) फक्त ढोलक, किक, ऑक्टोपॅड, कीबोर्ड एवढंच इनपुट 'सी'ला द्या आणि बेसचा सोर्स 'सी' करा. निवेदकाच्या माइकमधली हाताळण्याची धडधड आणि वाऱ्याची घोंघों मग बेसमध्ये येतच नाही. भाषणांच्या कार्यक्रमात हा फरक पहिल्या रांगेलाही जाणवतो.

७. क्रॉसओव्हर कुठे तोडू? आणि २४ डीबी की ४८?

बॉक्सच्या कंपनीने कागदावर दिलं असेल तर तेच ठेवा, त्यात हुशारी नको. काहीच नसेल तर सुरुवात म्हणून बेस ३५ ते ९० हर्ट्झ, मिड ९० पासून वर, आणि हाय हॉर्नच्या ड्रायव्हरला सोसेल तिथून. एक इंची ड्रायव्हर असेल तर आम्ही साधारण १,६०० हर्ट्झच्या खाली जात नाही. खाली तोडून हॉर्नकडून 'मिड' काढायचा मोह होतो, पण त्याची किंमत डायफ्रामने मोजावी लागते.

उताराला, म्हणजे तोडीपलीकडे आवाज किती झपाट्याने घटतो त्याला, लिंकविट्झ-रायली नावाच्या फिल्टरचा २४ डीबी घ्या. या प्रकारात तोडीच्या ठिकाणी दोन्ही बाजू प्रत्येकी ६ डीबी खाली असतात आणि एकाच फेजमध्ये असतात, म्हणजे त्यांच्या लहरी एकदमच वर-खाली होतात, म्हणून दोघांची बेरीज सपाट येते. बटरवर्थमध्ये त्या ठिकाणी दोघं ३ डीबीच खाली असतात. तिथे बेरजेचं गणित वेगळं बसतं. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा प्रकार अशी सरमिसळ मात्र करू नका.

बेसच्या खालच्या टोकाचा ३५ हर्ट्झचा हाय-पास पुष्कळजण विसरतात. पोर्टेड बॉक्समध्ये पोर्टच्या सुराखाली कोनला आधार उरत नाही. तो नुसता आत-बाहेर हेलपाटतो, आवाज येत नाही आणि स्पीकर जातो.

८. बेस आणि टॉप दोन्ही वाजतात, तरी एकत्र लावले की ठोका पोकळ येतो. का?

तोडीच्या सुरात दोघं एकमेकांना खोडतायत. कारणं तीन असू शकतात: एखादी केबल उलटी आहे (प्रश्न ४), बारा डीबीचा लिंकविट्झ-रायली वापरलाय, किंवा बेस आणि टॉप पुढेमागे आहेत. बारा डीबीच्या उतारात दोन्ही बाजू तोडीच्या ठिकाणी उलट्या फेजला येतात, त्यामुळे एका बाजूची पोलॅरिटी उलटी करावीच लागते. २४ डीबीत करावी लागत नाही.

अंतराचं गणितही लक्षात ठेवा. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३.४ मीटर असते. बेस टॉपच्या १.७ मीटर पुढे असला की त्या सुरात दोघं बरोबर उलटे येतात.

तपासायला तोडीच्या फ्रीक्वेन्सीचा सलग सूर सोडा, बेस-टॉप दोन्ही चालू ठेवा आणि श्रोत्यांच्या मधोमध उभे राहा. टॉपची पोलॅरिटी मुद्दाम उलटी करा आणि जो बॉक्स तुमच्या जवळ आहे त्याचा डिले थोडा थोडा वाढवत जा. सूर जिथे सर्वांत बारीक होईल, जवळजवळ बुडेल, तिथे थांबा. आता पोलॅरिटी सरळ करा. आवाज कुठे वाढतोय हे कानाला नेमकं कळत नाही, कुठे बुडतोय ते मात्र लख्ख कळतं.

९. लिमिटर किती डीबीवर ठेवू? अंदाजे ठेवला तर चालेल?

अंदाजे नको, हे गणित पाच मिनिटांचं आहे. समजा बेस ८ ओहमचा आणि ५०० वॉट आरएमएसचा आहे. ५०० गुणिले ८ म्हणजे ४,०००, त्याचं वर्गमूळ सुमारे ६३ व्होल्ट. बॉक्सला सतत याहून जास्त जायला नको. अँपचा गेन ३२ डीबी असेल तर तो इनपुटच्या ४० पट करतो. ६३ भागिले ४० म्हणजे सुमारे १.५८ व्होल्ट. ० डीबीयू म्हणजे ०.७७५ व्होल्ट, त्या हिशेबाने १.५८ व्होल्ट म्हणजे सुमारे +६ डीबीयू. तुमचा थ्रेशोल्ड हा.

प्रोसेसर डीबीयू न दाखवता शून्यापासून खाली, म्हणजे डीबीएफएसमध्ये दाखवत असेल तर त्याचं कमाल आउटपुट मॅन्युअलमध्ये पाहा. ते +२२ डीबीयू असेल तर ६ वजा २२, म्हणजे उणे १६ वर लावा.

दोन गोष्टी पुन्हा पुन्हा विचारल्या जातात. एकाच चॅनलवर दोन बॉक्स पॅरलल लावले तर थ्रेशोल्ड बदलायचा का? नाही. पॅरललमध्ये प्रत्येक बॉक्सला व्होल्टेज तेवढंच मिळतं. अँपला करंट जास्त द्यावा लागतो, तो त्याला झेपतो का ते वेगळं बघा. दुसरं म्हणजे अँपचा नॉब. हे गणित नॉब पूर्ण उघडा धरून केलं आहे. नॉब अर्धा ठेवून कानाने लिमिटर लावला आणि नंतर कुणी नॉब पूर्ण फिरवला, तर तो लिमिटर काहीच वाचवत नाही. आम्ही नॉब पूर्ण उघडून त्यावर टेप मारतो आणि बॉक्सांमधला तोल प्रोसेसरच्या आउटपुट गेनवरच साधतो.

१०. मागच्या लोकांसाठी टॉवर लावलाय. डिले किती देऊ?

मुख्य बॉक्सपासून टॉवरपर्यंतचं अंतर टेपने मोजा. नुसत्या नजरेवर जाऊ नका. २० अंशांना आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, आपल्या उन्हाळी संध्याकाळी ३० अंशांना सुमारे ३४९. १०० फूट म्हणजे ३०.५ मीटर, म्हणजे साधारण ८७ मिलिसेकंद. त्यात १० ते १५ मिलिसेकंद वर घाला. मुख्य बॉक्सचा आवाज आधी पोहोचला की कान दिशा तिथलीच धरतो. टॉवर जवळ असूनही आवाज मंचावरूनच येतोय असं वाटतं.

टॉवरच्या आउटपुटचा सोर्स दोन्ही इनपुटांची बेरीज ठेवा आणि १५० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. बेस मागेपर्यंत तसाही पोहोचतो. नाट्यगृहात बाल्कनीखालच्या छोट्या बॉक्सांनाही हाच नियम. तिथे संवाद कळणं महत्त्वाचं. डिले चुकला की शेवटच्या रांगेला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं आणि प्रेक्षक नटाला दोष देतो.

११. आउटपुट सहाच आहेत, पण मला स्टीरिओ थ्री-वे आणि शिवाय टॉवरही हवाय. काय करू?

सहा वाटांत सात गाड्या जात नाहीत. बेस मोनो केला (प्रश्न ६) की एक आउटपुट सुटतं: १ बेस, २ आणि ३ डावे मिड-हाय, ४ आणि ५ उजवे मिड-हाय, ६ टॉवर. उघड्या मैदानावर आम्ही हेच करतो. एका बेस आउटपुटवरून दोन्ही अँपना सिग्नल पुढे न्यायला अँपचं लिंक सॉकेट असतं.

प्रोसेसरचं एक आउटपुट दुसऱ्या प्रोसेसरच्या इनपुटला देऊन वाटा वाढवता येतात, पण त्या वाटेला दुसऱ्यांदा रूपांतर झाल्याने एखाद-दोन मिलिसेकंदांचा उशीर होतो. तो बाकीच्या आउटपुटांना तेवढाच डिले देऊन भरून काढा. दुसऱ्या प्रोसेसरवर टॉवरच असेल तर मात्र अशी दुरुस्ती लागत नाही, त्याचाच डिले तेवढा कमी करा.

१२. समोरचे छोटे बॉक्स थेट मिक्सरवरून घेतले तर काय बिघडलं?

मिक्सरवरून थेट गेलेला आवाज आधी पोहोचतो, प्रोसेसरमधून आलेला किंचित उशिरा. दोघं जिथे मिसळतात तिथे आवाज नळीतून आल्यासारखा होतो. शक्यतो सगळ्या वाटा प्रोसेसरमधूनच न्या. नाइलाजच असेल तर मिक्सरच्या त्या आउटपुटला डिले द्या.

१३. पॉवर्ड बॉक्स आहेत, आत स्वतःचा प्रोसेसर आहे. बाहेरचाही लावू का?

लावा, पण फक्त रूटिंग, डिले आणि हॉलच्या ईक्यूसाठी. मिड-हायची वाटणी बॉक्स आतच करतो, तिथे हात घालू नका. बेस-टॉपची तोड बॉक्सवरच्या स्विचने केली असेल तर प्रोसेसरवर पुन्हा करू नका. दोनदा तोडलं की उतार दुप्पट होतो आणि तोडीच्या जागी खड्डा पडतो. प्रश्न ९ मधला लिमिटरही इथे लागू नाही, कारण आतल्या अँपचा हिशेब कंपनीने आधीच केलेला असतो.

१४. जनरेटरवर गेलो की घरघर सुरू होते. थ्री-पिनची अर्थ पिन काढली की थांबते. चालेल?

अजिबात नाही. ती पिन माणसासाठी आहे. ओल्या मैदानावर माइक हातात धरलेल्या गायकाच्या आणि करंटच्या मध्ये तीच असते.

घरघर येते ती मिक्सर आणि रॅक वेगवेगळ्या ठिकाणांहून पॉवर घेतात तेव्हा. दोन्ही एकाच बोर्डवर आणा, एवढ्यानेच पुष्कळदा थांबते. नाही थांबली तर प्रोसेसरचा ग्राउंड लिफ्ट स्विच वापरा, किंवा एका टोकाला शील्ड सोडलेली कॅनन त्या एकाच जोडावर लावा. तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, नाहीतर उद्या तीच केबल कंडेन्सर माइकला लागेल आणि माइक बंद का म्हणून सगळे शोधत बसतील.

१५. डिजिटल मिक्सरवरून एईएस/ईबीयूने (डिजिटल ऑडिओच्या जोडणीने) जोडलं तर अधूनमधून टिक्-टिक् येते.

दोन घड्याळं आपापल्या तालात चालली आहेत. एकच मास्टर ठेवा. मिक्सर मास्टर करा आणि प्रोसेसरचा क्लॉक डिजिटल इनपुटवरून घ्या. सॅम्पल रेट दोन्हीकडे प्रोसेसरला चालेल असा एकच ठेवा. ११० ओहमची केबल वापरा. साधी माइकची केबल दोन-चार मीटरला चालून जाते, लांब टाकली की दगा देते.

१६. मंडळाची पोरं आवाज वाढवत राहतात. मशीनमध्येच मर्यादा बांधता येते का?

येते. इनपुटवर किंवा सगळ्या आउटपुटांवर एकत्र लिमिटर लावा आणि पॅनल पासवर्डने लॉक करा. पण प्रश्न ९ मधला लिमिटर बॉक्स वाचवतो. हा शेजाऱ्यांसाठी आहे, म्हणून तो बराच खाली लागतो आणि वेगळाच ठेवावा.

प्रोसेसरच्या मीटरवरचे डीबी आणि कायद्यातले डीबी एकच समजू नका. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबी(ए) ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी. सणांच्या काळात राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. हे डीबी हवेत, साउंड लेव्हल मीटरने मोजायचे असतात. मीटर घेऊन शेजारच्या इमारतीपाशी उभे राहा, मंचावरून एकजण पिंक नॉइज हळूहळू वाढवू दे, आणि तुमचा हात वर झाला की तिथे लिमिटर बसवा. मग प्रीसेट वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि मूळ प्रीसेटवर पुन्हा लिहू नका. पुढच्या गावी मैदान मोठं असतं, तिथे मूळच लागतो.